दोघांची तपासणी, दोघांचे रक्षण



नरडाणा मुंबई–आग्रा महामार्गावर वसले आहे. येथील कित्येक कर्ते पुरुष कामानिमित्त घराबाहेर राहून सणावारास परततात. पत्नीने निरोधचा आग्रह धरला, तर तो अविश्वास ठरतो. पतीने तो स्वतःहून वापरला, तर ती कबुली ठरते. म्हणून दोघेही मौन पाळतात.

या मौनाची किंमत पुण्यात दिसून आली. तेथील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात तपासलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. त्यांतील बहुतेकींचा पतीखेरीज कोणाशीही संबंध नव्हता.

एकट्या पत्नीस उपदेश करून भागत नाही. निर्णय बहुधा तिच्या हाती नसतो. म्हणून आम्ही दोघांशी आधी स्वतंत्रपणे व मग संमतीने एकत्र बोलणे इष्ट मानतो. तपासणी दोघांची आणि निरोध दोघांच्या रक्षणासाठी, असे म्हटले की त्यातील आरोप गळून पडतो. शासकीय केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, २००४ पासून औषधोपचारही मोफत मिळतो.

या संवादासाठी बंद दाराची एक स्वतंत्र खोली हवी. आपल्या दातृत्वातून ती उभी राहावी, ही नम्र विनंती.