छपरावरचें ऊन आणि घरचा जमाखर्च

विजेचें बिल हातीं पडलें कीं घरांतील कर्ता पुरुष प्रथम दिव्यांकडे पाहतो, मग पंख्याकडे, आणि शेवटीं पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलेल्या मुलांकडे. छपराकडे मात्र तो सहसा पाहत नाहीं. वास्तविक त्याच्या खर्चाचा भार हलका करणारें एक साधन रोज सकाळीं त्याच छपरावर येऊन उभें राहतें व सायंकाळीं निघून जातें. गृहिणीचें तसें नाहीं. उन्हाचें मोल तिला कोणीं शिकवावयास नको. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, वर्षाचें धान्य आणि पावसाळ्यापूर्वींच्या गाद्या हा सर्व व्यवहार ती पिढ्यान् पिढ्या उन्हाच्या भांडवलावर करीत आली आहे. त्याच उन्हावर दिवे, पंखे आणि पिठाची गिरणीहि चालूं शकते, एवढीच या विषयांतील नवी गोष्ट होय.

ती चालते, याविषयीं आतां कोणी शंका घेत नाहीं. शंका आहे ती परवडण्याची. या प्रश्नास बाजारांत दोन टोकांचीं उत्तरें ऐकूं येतात. विक्रेता म्हणतो, वीज फुकट मिळेल, बिल शून्य होईल. शेजारी म्हणतो, हा श्रीमंतांचा षोक आहे. पैसे कधींच वसूल होत नाहींत. हिशेब मात्र दोघांपैकीं एकहि करीत नाहीं. ऊन फुकट आहे, हें खरें. परंतु तें पकडण्याचें साधन फुकट नाहीं. सौरवीज घेणें म्हणजे पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या बिलाचा मोठा भाग आज एकदम भरून टाकणें होय. भाड्याचें घर सोडून स्वतःचें घर घेण्यासारखा हा व्यवहार आहे. आणि घर घेतांना शहाणा मनुष्य जें जें पाहतो, तें तें येथेंहि पाहिलें पाहिजे: किंमत काय, भाडें किती वाचेल, डागडुजीस काय लागेल, आणि आपण तेथें किती वर्षें राहणार.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यानें १८३९ सालींच पाहिली होती. तिचा व्यवहारीं उपयोग होण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९५४ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा सौरघट लोकांपुढें मांडला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं सुमारें ६ टक्केच भाग विजेंत उतरे. चार वर्षांनीं, १९५८ सालीं, ‘व्हॅन्गार्ड १’ या उपग्रहावर असे घट बसविण्यांत आले. तेथें किमतीचा प्रश्नच नव्हता, कारण आकाशांत दुसरी सोय नव्हती. आज बाजारांतील चांगलीं पॅनेलें २० टक्क्यांहून अधिक प्रकाश विजेंत उतरवितात, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यांची किंमत शंभरांशाच्याहि खालीं आली आहे. उपग्रहावरची वस्तु मध्यमवर्गीयाच्या गच्चीवर आली, ती या घसरणीमुळें.

या साधनाची रचना समजण्यास कठीण नाहीं. पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. घरांतील उपकरणांस दिशा बदलत वाहणारी वीज लागते. हा बदल इन्व्हर्टर नांवाची पेटी घडविते. दिवसां घरांत खपून उरलेली वीज तारेनें वीजकंपनीकडे जाते, रात्रीं तिकडून घरांत येते, व या देवघेवीचा हिशेब नेट मीटर ठेवतो. वाण्याच्या खात्यासारखाच हा प्रकार: दिवसां जमा, रात्रीं नांवें, आणि महिनाअखेर वजाबाकी. मात्र वर्षाअखेर जी शिल्लक वीज उरते, तिला आपण देतों तो भाव मिळत नाहीं. तो बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षां मोठा संच बसवून विजेचा व्यापार करण्याचा बेत गृहस्थानें करूं नये. संच आपल्या वर्षाच्या खपाच्या मापाचा असावा.

आतां प्रत्यक्ष आंकड्यांकडे वळावें. एक किलोवॉटच्या संचास सुमारें १०० चौरस फूट, बिनसावलीची जागा लागते. महाराष्ट्रांत असा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशीं चार-पांच युनिट वीज देतो. पावसाळ्यांतले ढग, धूळ आणि उष्णता यांची वजावाट करून वर्षाला १,३०० युनिट धरलीं, तर फसगत होण्याचें भय नाहीं. उष्णतेचें नांव या यादींत पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु पॅनेलास प्रकाश हवा असतो, ताप नव्हे. २५ अंशांवर तापलें कीं दर अंशामागें त्याची शक्ति सुमारें एकतृतीयांश टक्क्यानें घटते. नागपूरचा वैशाख या दृष्टीनें वाटतो तितका लाभाचा नाहीं.

समजा, एका कुटुंबाचा खप दरमहा ३०० युनिट आहे. त्यास तीन किलोवॉटचा संच पुरेल. सर्व खर्चासह त्याची किंमत १,८०,००० रुपये धरावी. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० असें एकंदर ७८,००० रुपयांचें अनुदान ठरविलेलें आहे, योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. तेव्हां पदरचे १,०२,००० रुपये लागतील. युनिटाची सरासरी किंमत ८ रुपये धरली, तर वर्षाला ३,६०० युनिटांचे २८,८०० रुपये वांचतील. त्यांतून साफसफाईसाठीं आणि दहा-बारा वर्षांनीं बदलाव्या लागणाऱ्या इन्व्हर्टरसाठीं दरवर्षीं २,८०० बाजूस ठेवावे. निव्वळ बचत २६,००० रुपयांची झाली. म्हणजे घातलेला पैसा चार वर्षांत परत येतो. अनुदान न मिळालें तरी सात वर्षांत येतो. पॅनेलांची हमी साधारणतः पंचवीस वर्षांची असते, आणि त्यांची शक्ति वर्षाला सुमारें अर्ध्या टक्क्यानेंच उतरते.

तोच पैसा बँकेंत मुदतीनें ठेवला, तर ७ टक्के दरानें वर्षाला ७,१४० रुपये व्याज येईल, व त्यावर प्राप्तिकराचा संभव राहील. यावर कोणी म्हणेल कीं बँकेंतील मुद्दल शाबूत राहतें, छपरावरचें झिजतें. आक्षेप रास्त आहे. पण १,०२,००० रुपये पंचवीस वर्षांत पूर्ण झिजले असें धरलें, तरी वर्षाची झीज ४,०८० रुपयेच होते. ती वजा करूनहि जवळजवळ २२,००० रुपये उरतात. ज्याच्यापाशीं रोकड नाहीं, त्यानें ८ टक्के व्याजानें पांच वर्षांचें कर्ज काढलें, तर हप्ता दरमहा सुमारें २,०७० रुपये पडेल आणि बचत सुमारें २,१६५ रुपयांची होईल. हप्ता बिलांतूनच फिटेल. साठी उलटलेला निवृत्त गृहस्थ ‘आतां या वयांत कशाला?’ असें म्हणतो. त्यानें चार वर्षांचा हा आंकडा ध्यानांत घ्यावा. पेन्शन जेथच्या तेथें राहते आणि विजेचा दर वाढतो, तेथें बिल आगाऊ भरून ठेवणारा मनुष्य निश्चिंत असतो.

परंतु सर्वांचें गणित एकच नाहीं. ज्या घरीं महिन्याला ९० युनिटच वीज लागते, तेथें दर खालच्या पायरीचा असतो. तो ५ रुपये धरला तर वर्षाची बचत ५,४०० रुपयांची, आणि देखभालीचे हजार वजा जातां ४,४०० रुपयांची. एक किलोवॉटचा संच ६५,००० रुपयांस पडला व ३०,००० अनुदान मिळालें, तर उरलेले ३५,००० रुपये वसूल होण्यास आठ वर्षें लागतील. हा तोट्याचा व्यवहार नव्हे. पण ज्याला मुलीच्या शिक्षणासाठीं तेच पैसे हवे आहेत, त्यानें थांबण्यांत कांहीं चूक नाहीं. विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतात, आणि सौरसंच प्रथम वरच्या, महाग पायरीची वीज कापतो. म्हणून मोठ्या बिलाच्या घरास लाभ लवकर होतो. तथापि हा श्रीमंतांचाच षोक आहे, असेंहि म्हणवत नाहीं. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें लहानसें गांव २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरलें.

विक्रेत्याच्या ‘शून्य बिला’विषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्थिर आकार द्यावाच लागतो. तो सूर्य भरीत नाहीं. शिवाय बहुतेक घरगुती संच वीज गेली कीं आपणहि बंद पडतात. भर दुपारीं लखलखीत ऊन असतांना पंखा थांबला, म्हणजे संच बिघडला असें लोकांस वाटतें; पण ही योजना मुद्दाम केलेली असते. खांबावर काम करणाऱ्या तारवाल्याच्या हाताखालीं घरांतून गेलेली वीज येऊं नये, हा तिचा हेतु. वीज जातेवेळींहि दिवे हवे असतील, तर बॅटरी व तिला जुळणारा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि मग खर्च वाढून वसुलीचीं वर्षेंहि वाढतात.

दुकानदार व कारखानदार यांचा हिशेब निराळा पडतो. त्यांस वरील अनुदान नाहीं. उलट त्यांचा विजेचा दर घरापेक्षां चढा, आणि बहुतेकांचा खप दिवसाचा. १० किलोवॉटच्या संचास ५,५०,००० रुपये पडले, वर्षाला १३,००० युनिट वीज मिळाली व युनिटामागें १० रुपये वांचले, तर देखभालीचे १०,००० वजा करून १,२०,००० रुपये उरतात. पैसा साडेचार वर्षांहून थोड्या अधिक काळांत फिटतो. प्राप्तिकराच्या कायद्यांत अशा साधनांवर ४० टक्के घसारा धरतां येतो, हा लाभ वेगळाच. कोचीनच्या विमानतळानें २०१५ च्या ऑगस्टमध्यें १२ मेगावॉटचा संच सुरू करून आपला सर्व खप सूर्यावर भागविला, तो धर्मादाय म्हणून नव्हे, तर खर्चाचा विचार करून. मात्र व्यापाऱ्यानें एक गोष्ट नीट पाहावी. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनीं दहा किलोवॉटहून अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांस वेळेनुसार दर लावण्याचें ठरलें, आणि उन्हाच्या तासांतील दर नेहमीपेक्षां निदान २० टक्के कमी ठेवण्यास सांगितलें. जी वीज संच वांचविणार, ती दिवसाची. म्हणून बचत बिलाच्या सरासरी दरानें न मोजतां दिवसाच्या दरानें मोजावी. रात्रीं चालणाऱ्या धंद्यानें तर हा विचार दुप्पट काळजीनें करावा. आणि ज्याचें दुकान भाड्याचें आहे, त्यानें करार किती वर्षांचा आहे हें पाहिल्यावांचून दुसऱ्याच्या छपरावर भांडवल चढवूं नये.

शहरांतील पुष्कळ कुटुंबांस स्वतःचें छप्परच नसतें. गच्ची सर्वांची असते. तेथें सोसायटीनें जिना, पंप व लिफ्ट यांच्या विजेसाठीं एकत्र संच बसविणें हा सरळ मार्ग. वरील योजनेंत यासहि किलोवॉटमागें १८,००० रुपये अनुदान ठेविलें आहे. लाभ दरमहाच्या वर्गणींत दिसतो, आणि तो तळमजल्यावरच्या भाडेकरूपर्यंतहि पोंचतो. पॅनेलें उंच सांगाड्यावर बसविलीं, तर खालीं वावरतां येतें आणि वाळवणाची जागाहि जात नाहीं. मात्र जी इमारत पांच-सहा वर्षांत पाडून पुन्हां बांधावयाची आहे, तिच्यावर हा खर्च करणें शहाणपणाचें नाहीं. समुद्राजवळ खाऱ्या हवेनें लोखंड लवकर खातें, आणि पावसाळ्यांतील वाऱ्यानें कच्चा सांगाडा उखडतो. म्हणून सांगाड्यांत काटकसर करूं नये. जस्ताचा जाड मुलामा, जमिनीस नीट जोडलेली अर्थिंगची तार व विजेपासून रक्षण करणारा वीजरोधक, या तिन्ही गोष्टी करारांत लिहून घ्याव्या.

सर्वांत मोठा शत्रु सावली. पॅनेलें एकमेकांस सांखळीसारखीं जोडलेलीं असतात. एकावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी सांखळींतील इतरांचेंहि काम मंदावूं शकतें. सावली सर्वांत लांब पडते ती डिसेंबरांत. म्हणून विक्रेत्यास बोलावण्यापूर्वीं घरच्या माणसांनीं दोन कामें करावीं. बारा महिन्यांचीं बिलें काढून एकूण खपाची बेरीज मांडावी. आणि डिसेंबरांतील एका रविवारीं सकाळीं नऊ, दुपारीं बारा व तीन वाजतां गच्चीवर जाऊन सावली कोठपर्यंत येते तेथें खडूनें रेघ ओढावी. त्या बेरजेस १,३०० नें भागलें कीं संच किती किलोवॉटचा हवा तें कळतें. रेघांच्या बाहेर उरलेल्या चौरस फुटांस १०० नें भागलें कीं किती बसेल तें कळतें. हे दोन आंकडे हातीं असलेल्या गृहस्थास कोणीहि सहज फसवूं शकत नाहीं.