पाच मिनिटांचे चार्जिंग आणि सुरक्षितता



विजेवर चालणारी मोटार घेऊ इच्छिणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम एकच प्रश्न विचारतो : चार्ज व्हायला वेळ किती लागतो? तेवढ्या वेळात केबलमध्ये आणि बॅटरीच्या पोटात काय घडते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. आज त्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

मार्च २०२५ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने १००० व्होल्ट दाबाने व १००० अँपिअर प्रवाहाने, म्हणजे १ मेगावॅट शक्तीने मोटार चार्ज करणारी यंत्रणा जाहीर केली. पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरची मजल मारण्याइतकी वीज भरता येते, असा कंपनीचा दावा आहे. एक मेगावॅट म्हणजे किती? खेड्यापाड्यांत खांबांवर जे रोहित्र दिसते ते पुष्कळदा ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेचे असते. १०० केव्हीएची दहा रोहित्रे एकाच मोटारीसाठी जुंपावीत, तेव्हा एवढी शक्ती मिळेल. आपल्या महामार्गांवरील वेगवान चार्जर याहून पुष्कळच कमी शक्तीचे आहेत. तथापि ओढा त्याच दिशेने आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले असल्याने ही केंद्रे अनेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभी राहणार आहेत.

वेग वाढविणे म्हणजे मुख्यतः प्रवाह वाढविणे, आणि प्रवाहाबरोबर उष्णता वाढते ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. शाळेत जूलचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांना एक उदाहरण देतो. प्लगच्या टोकाशी धूळ बसून अथवा धातू झिजून अवघा एक मिलिओहम रोध निर्माण झाला, असे समजा. घरातील १५ अँपिअरच्या प्रवाहाने तेथे पाव वॅटहून कमी उष्णता निर्माण होईल. हाताला जाणवणारही नाही. त्याच ठिकाणातून १००० अँपिअर गेले तर ती १००० वॅट होईल. मूठभर जागेत विजेची इस्त्री अखंड तापत ठेवावी, तसा हा प्रकार. म्हणून उच्च शक्तीच्या केबलींमधून थंड द्रव खेळविलेला असतो, आणि प्लगमधील तापमापक उष्णता वाढताच प्रवाह कमी करण्याची सूचना देतो. केबलवरून वाहन गेले, तिचे आवरण फाटले किंवा द्रव गळू लागला, तर ते चार्जर तत्काळ बंद ठेवणेच योग्य.

येथे वापरली जाते ती एकदिश वीज. तिचा प्रवाह क्षणभरही शून्यावर येत नसल्याने चालू प्लग ओढल्यास पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. चार्जिंग चालू असताना प्लग कुलपाने जखडलेला असतो तो याच कारणाने. तो हिसकून काढण्याचा आग्रह कोणी धरू नये.

बॅटरीचा धोका अधिक सूक्ष्म आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात. ते फार वेगाने आले, अथवा बॅटरी थंड असली किंवा भरत आली असली, तर सर्वांना आत जागा मिळत नाही. उरलेले लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते. या साचलेल्या धातूला सुयांसारखे फाटे फुटून त्यांनी मधला पातळ पडदा भेदला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते. मग एक घट तापून शेजारच्या घटास तापवितो आणि आग स्वतःच्याच उष्णतेवर पसरत जाते. हे नुकसान एका दिवसात होत नाही; अनेक वेळच्या चार्जिंगनंतर ते उघडकीस येते. चीनच्या नव्या राष्ट्रीय मानकात (जीबी ३८०३१-२०२५) ३०० वेळा शीघ्र चार्जिंग केलेल्या बॅटरीची शॉर्टसर्किट चाचणी घेण्याची अट घातली गेली, तिचा अर्थ यावरून ध्यानात येईल. आपल्याकडेही २०२२ मधील दुचाकींच्या आगींनंतर बॅटरीविषयक मानके अधिक कडक करण्यात आली.

वेग हा स्वतः दोषी आहे, असे मला वाटत नाही. वाहन आणि चार्जर एकमेकांशी सतत बोलत असतात. बॅटरी तापली की वाहन कमी वीज मागते. ८० टक्क्यांच्या पुढे तर बहुतेक वाहने आपणहून मंदावतात. ग्राहकास हा यंत्राचा बिघाड वाटतो आणि तो केंद्रचालकाशी हुज्जत घालतो. वस्तुतः त्या वेळी यंत्र आपले संरक्षणाचेच काम करीत असते. खरा अनर्थ होतो तो कोणी ‘जाणकार’ मेकॅनिक हे संरक्षण टाळण्याची युक्ती करतो किंवा अपघातात तळाशी मार लागलेली बॅटरी न तपासता वाहन थेट शीघ्र चार्जरला जोडले जाते तेव्हा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. केंद्राची वेळोवेळी तपासणी व चाचणी करून तिची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. आपल्या हद्दीत केंद्र असेल तर ती नोंदवही पाहण्यास मागावी. अर्थिंगची शेवटची चाचणी केव्हा झाली, हे विचारावे. वीज तोडण्याचे तातडीचे बटण कोठे आहे, ते रात्रपाळीच्या मुलाला ठाऊक आहे का, हेही विचारावे. अनुभव असा की हा शेवटचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आणि आग लागलीच, तर आधी माणसे दूर न्यावीत व ते बटण दाबून पुरवठा तोडावा. धूर विषारी असतो. वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये. पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा दबतात, पण घट थंड होत नाहीत. त्यासाठी अग्निशमन दलास भरपूर पाणी लागते आणि विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा पेटू शकते. म्हणून दलास दूरध्वनी करतानाच वाहन विजेवरचे आहे हे सांगावे, आणि विझलेले वाहन गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ किंवा शाळेच्या भिंतीलगत न ठेवता मोकळ्या माळावर ठेवावे.