खिशातला फोन आणि माणसाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)

आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रसंग सांगतो. काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, एका सेवा केंद्रात मी बसलो होतो. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. मांडीवर कापडी पिशवी. तीत रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, सगळे नीट घडी घालून ठेवलेले. कामाला बसलेल्या तरुणाने विचारले, "आजी, फोनवर नंबर आलाय तो सांगा." फोन मुलाकडे होता, आणि मुलगा पुण्याला बांधकामावर. त्याला फोन लावावा तर तो उचलेना. लागला तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. तीनदा असेच झाले. शेवटी बाई म्हणाल्या, "मी समोर बसलेय की रे बाबा. मला बघून नाही का चालत?"

त्या तरुणाजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तो त्याचा दोषही नव्हता. परंतु हा प्रश्न आपण आपला मानला पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते. मोबाइल फोनने आपले दैनंदिन जीवन कसे पालटले हे मला आज सांगायचे आहे. त्या पालटाचा हिशोब मांडताना जमेची बाजू मी लपवणार नाही, आणि खर्चाचीही लपवणार नाही.

श्रीमंतांचे खेळणे

३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी हातात धरता येणाऱ्या फोनवरून पहिला कॉल केला. तो केला तो प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्याला, म्हणजे पहिल्या संभाषणातच स्पर्धेचा अहंकार होता! त्या यंत्राचे वजन किलोहून अधिक होते. बाजारात यायला त्याला आणखी दहा वर्षे लागली. १९८३ साली त्याची अमेरिकेतली किंमत ३,९९५ डॉलर होती. दहा तास चार्जिंग करावे तेव्हा अर्धा तास बोलता येई.

या यंत्रामागची कल्पना मात्र विलक्षण होती. रेडिओलहरींचा उपलब्ध पट्टा मर्यादित असतो. एका शहरात एकच मोठा मनोरा उभारला तर थोडीच माणसे एका वेळी बोलू शकतात. म्हणून प्रदेशाचे लहान लहान भाग पाडायचे, प्रत्येक भागाला छोटा मनोरा द्यायचा, आणि थोड्या अंतरावर त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. या लहान भागाला 'सेल' म्हणतात, म्हणून हा 'सेल्युलर' फोन. सारांश, फोन माझा असला, मनोरा कंपनीचा असला, तरी दोघांना जोडणारी लहर ही कोणीही निर्माण केलेली नाही. ती नदीच्या पाण्यासारखी सर्वांची आहे.

आपल्या देशात हे तत्त्व मोबाइल येण्यापूर्वीच मान्य झाले होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. त्या निकालाचे प्रमुख लेखक न्यायमूर्ती प. बा. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. शेतमजुराची दिवसाची मजुरी दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात संपावी, असा तो मामला होता.

स्वस्ताई कुणामुळे?

तो फोन भाजीवालीच्या हातात कसा आला? 'बाजाराच्या कृपेने' असे उत्तर आपल्याला रोज ऐकवले जाते. स्पर्धेचा त्यात वाटा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ते अर्धेच सत्य आहे. पहिल्या कंपन्यांनी परवान्यांसाठी भरमसाट बोली लावल्या आणि त्यांना ते शुल्क झेपेना. तेव्हा १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घेण्याची सवलत दिली. २००२ साली सरकारी बी.एस.एन.एल. मोबाइलच्या क्षेत्रात उतरली आणि दर खाली ओढले गेले. मे २००३ पासून नियमनातील बदलामुळे येणारा फोन विनामूल्य झाला. फोन करणाऱ्याने पैसे द्यावेत हा एक साधा नियम, पण त्यामुळे खिशात पैसा नसलेला माणूसही फोन बाळगू शकला. त्याच वर्षी नोकिया कंपनीचा टॉर्च असलेला स्वस्त फोन आला आणि भारनियमनाच्या अंधारात खेड्यापाड्यांत पोहोचला. म्हणजे सार्वजनिक धोरण आणि सार्वजनिक उद्योग यांनी वाट करून दिली, तेव्हा बाजार त्या वाटेने धावला.

ही गोष्ट विसरली की काय होते, तेही आपण पाहिले. २००८ साली लहरींचे वाटप 'प्रथम येईल त्यास प्रथम' या नावाखाली झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले. पुढे २०१७ साली विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. पण परवाने रद्द झाले ते झालेच. २०१६ साली फुकट डेटाचा पाऊस पडला, तेव्हा आपण सारे भिजलो. त्या पावसात कित्येक कंपन्या वाहून गेल्या. आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. तेव्हा हजारो लोक बी.एस.एन.एल.कडे वळले, पण जी फोर-जी सेवा खाजगी कंपनीने २०१६ मध्येच देशभर दिली, ती देशभर सुरू करायला सार्वजनिक कंपनीला २०२५ साल उजाडले होते. सार्वजनिक उद्योग आधी दुबळा करायचा आणि मग त्याच्या दुबळेपणाकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

गरिबाने फोनचे काय केले?

आता जमेची बाजू. कोकणातल्या घरांतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची खुशाली पूर्वी पत्राने नाहीतर मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळींनी कळे. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले; रात्री दर उतरल्यावर तिथे रांग लागे आणि मिनिटांचे आकडे बघत माणसे बोलत. तार आली की घरातल्या बाया आधी रडायला लागत, मग कोणीतरी ती वाचून दाखवी. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा ती धास्तीही इतिहासजमा झाली. आज बीडचे ऊसतोड मजूर जोडपे कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असते आणि गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराचा आवाज रोज संध्याकाळी ऐकते. हे सुख लहान नाही. विरहाचे ओझे मजुराच्याच डोक्यावर सर्वांत जड होते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला. समुद्रातूनच कोणत्या बंदरात तारलीला काय भाव आहे हे मच्छीमारांना कळू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

आणि 'मिस्ड कॉल' कोणी शोधला? कुठल्याही कंपनीने नव्हे. एक घंटी म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', असा संकेत ठरवून गरिबाने एक पैसाही न देता निरोप पाठवण्याची स्वतःची तारयंत्रणा उभी केली. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या बुद्धीचा हा पुरावा आहे.

सोयीची अट झाली

मग बिघडले कुठे? माझे उत्तर असे की, फोन ही सोय होती तोवर तो गरिबाचा मित्र होता. ती सोय हळूहळू अट बनली. वस्तू तीच, पण नाते उलटले.

१९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीतून महाराष्ट्राने रोजगार हमी जन्माला घातली, वि. स. पागे यांची ती कल्पना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. हातात फावडे घेऊन कामावर उभा असलेला माणूस हीच तेव्हा हजेरी होती. पुढे देशभरच्या कायद्याखाली १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या ठिकाणी मोबाइलवरील ॲपमधून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. जिथे रेंज नाही, जिथे ॲप अडकते, तिथे घाम गाळूनही हजेरी धोक्यात. त्याविरुद्ध मजुरांना दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरावे लागले.

२०२१ च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस घ्यायची तर आधी ऑनलाइन नोंदणी करा, असे सांगितले गेले. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही त्याने काय करावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला सरकारला विचारावा लागला. २०२५ साली आपल्याच राज्यात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागण्यात आला. ज्यांचे दोघेही हयात नव्हते त्या स्त्रियांनी कोणाचा फोन आणावा? ओरड झाल्यावर वेगळी सोय करावी लागली. परंतु नियम करताना विधवा कोणाच्या डोळ्यांसमोर आली नाही, हे विसरता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. म्हणजे फोनवर टांगलेला प्रत्येक हक्क बायकांच्या बाबतीत बहुधा पुरुषाच्या खिशात जाऊन पडतो.

शहरात तोच फोन मुकादम झाला आहे. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला काम कोण देतो, दर कोण कापतो, एके सकाळी त्याचे खाते कोण बंद करतो? त्याला मालकाचा चेहरा दिसत नाही, फक्त पडदा दिसतो. गिरणीच्या फाटकावर सभा घेता येत असे. पडद्यासमोर कोणती सभा घेणार? तरीही ही मुले संघटित होत आहेत, आणि २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी देशातला पहिला कायदा केला, ही आशेची गोष्ट आहे.

आणखी एक खर्च रक्ताने मांडावा लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्या बोटांपैकी एकालाही आपण खून करतो आहोत असे वाटले नसेल. आणि याच्या उलट टोक असे की, ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये एका हुकुमाने साऱ्या प्रदेशाचे फोन मुके केले गेले. ज्याच्या हाती कळ, त्याच्या हाती आवाज.

आपण काय करावे?

मित्रहो, फोन फेकून द्या असे सांगायला मी उभा नाही. चरख्याच्या नावाने यंत्राला शिव्या देण्याची सवंग विरक्ती मला मान्य नाही. यंत्रावर ताबा कोणाचा आणि त्याच्या अटी कोण ठरवतो, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यासाठी चार कामे सुचवतो.

पहिले काम मागणीचे. फोन नाही, रेंज नाही किंवा ओटीपी आला नाही, या कारणाने कोणतेही सरकारी कार्यालय कोणालाही परत पाठवणार नाही. तिथे कागदाचा आणि माणसाचा पर्यायी मार्ग असेलच, असा लेखी नियम झाला पाहिजे. दुसरे, रेडिओलहरी जनतेच्या आहेत या १९९५ च्या निकालाचा अर्थ लिलावातल्या रकमेपुरता राहू नये. मेळघाट, अक्कलकुवा, भामरागड येथे आधी मनोरा, मग ॲपची सक्ती, हा क्रम आपण धरून बसला पाहिजे. तिसरे, ज्या कामगाराचा दर आणि काम ॲप ठरवते, त्याला ते नियम वाचायला मिळाले पाहिजेत, आणि खाते बंद करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणारा एक जिताजागता माणूस असला पाहिजे.

चौथे काम आपले स्वतःचे आहे, आणि तेच अवघड आहे. पूर्वी सभेचे निमंत्रण द्यायला आपण दारोदार जात असू. त्या निमित्ताने कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाच्या मुलीने शाळा सोडली, हे कळे. आज एका बोटाने पाचशे जणांना निरोप जातो, पन्नास जण अंगठा दाखवतात, आणि सभेला बाराजण येतात. त्या अंगठ्यांना आपण संघटना समजू लागलो आहोत. निरोप फोनवरून जरूर पाठवा. पण आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत पायी फिरा. आणि खात्री नसलेला एकही मजकूर आपल्या हातून पुढे जाणार नाही, एवढे व्रत प्रत्येकाने घ्यावे. राईनपाड्याच्या पाच जणांचे आपण निदान एवढे देणे लागतो.

त्या दिवशी त्या बाईंचे काम झाले नाही. पिशवी काखेला मारून त्या एसटी स्थानकाकडे गेल्या; मी त्यांच्याबरोबर गेलो, दुसऱ्या आठवड्यात मुलाची सुट्टी विचारून पुन्हा आलो, आणि काम झाले. एकाचे असे करता येते. पण "मी समोर बसलेय, मला बघून नाही का चालत?" हा प्रश्न आज अनेक खिडक्यांसमोर उभा आहे. त्याचे उत्तर 'चालते, चाललेच पाहिजे' असे कायद्यात लिहिले जाईपर्यंत आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.