हृदयाची जागल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारी हुरड्यावर आली की आपण मचाणावर जागल करतो. का? रानडुक्कर दिवसाढवळ्या धुऱ्यावर हजेरी देत नाही म्हणून. ते रात्री येते, कणसे मोडते आणि निघून जाते. हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड पुष्कळदा असाच चोरपावलांनी येतो. माणसाला एकाएकी धडधड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तालुक्याला जाऊन कार्डिओग्राम काढावा, तर पट्टी चांगली निघते. घरचे म्हणतात, उगाच एसटीचे भाडे गेले.

यात डॉक्टर खोटा नाही अन् रोगीही खोटा नाही. हिशेब पाहा. हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके मारते. कार्डिओग्रामची नेहमीची पट्टी 10 सेकंदांची. तीत दहा-बारा ठोके मावतात. लाखातली दहा-बारा बोंडे फोडून साऱ्या शिवाराच्या बोंडअळीचा पंचनामा कोणी करील काय?

म्हणून अंगावर बाळगायचे यंत्र निघाले. नेदरलँड्समधल्या आइंथोव्हेन यांना या विद्येसाठी 1924 साली नोबेल मिळाले. त्यांचे मूळ यंत्र सुमारे 270 किलोचे, चालवायला पाच माणसे! पुढे अमेरिकेत माँटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी यंत्र पाठीवर घेतले, तेही सुमारे 38 किलोचे. 1961 साली त्यांनी लहान यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आज तेच काम छातीला चिकटवायची पट्टी करते. दिवसभर कामधंदा करा, रात्री झोपा. यंत्र जागल करते. ठोके अनियमित पडून हृदयात रक्ताची गाठ झाली अन् ती मेंदूत गेली, तर लकवा होतो. चोर आधी सापडला तर औषधाने हा धोका पुष्कळ कमी होतो.

ही विद्या माणसाइतकीच जनावरांचीही आहे. लंडनचे ऑगस्टस वॉलर आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याच्या हृदयाची वीज लोकांना दाखवीत. आज डॉबरमन कुत्र्याला 24 तासांचे यंत्र बांधतात. त्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे 300 हून जास्त चुकार ठोके आले, तर हृदयाचा स्नायू बिघडला असे धरतात. कुत्रा तोवर उड्या मारीत असतो!

आपल्या बैलाला कोणी 24 तासांचे यंत्र बांधणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण गोठ्यात नेता येईल असे लहान यंत्र कामाचे आहे. कण्हेर खाल्लेल्या जनावराचे ठोके अडखळतात, ते पट्टीवर दिसते. मात्र चाऱ्यातून पोटात गेलेली तार हृदयापर्यंत टोचली, तर ती तार पट्टीवर दिसत नाही. तिथे डॉक्टरचा कान, हात आणि फुगलेली मानेची शीर हेच खरे साक्षीदार.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाजारात बोटे टेकवायची यंत्रे आली, मनगटी घड्याळे आली. ती ठोक्यांचा ताल सांगतात. हृदयाचा झटका आहे की नाही, याचा निवाडा त्यांच्यावर सोपवू नका. त्याला छातीवर तारा लावून काढलेली पूर्ण, बारा नोंदींची पट्टी लागते, आणि तीही पहिल्या वेळी चांगली निघू शकते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे अन् पट्टी फोनवरून डॉक्टरकडे पाठवणारे यंत्र तयार केले आहे. म्हणजे विद्या दूर नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर यायला हवी, आणि पट्टी वाचणारा माणूस फोनच्या पलीकडे हवा.

फवारणीचेही तसेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपले शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलो नाही. मोनोक्रोटोफॉससारखे विष ठोके मंद करते, ताल बिघडवते. उतारा देताना डॉक्टरची नजर ठोक्यांवर लागते. अशा वेळी घरी घड्याळ पाहत बसू नका. छातीत कळ आली किंवा फवारताना घाम, लाळ, चक्कर सुरू झाली, तर लगेच 108 ला फोन करा अन् औषधाचा डबा सोबत न्या.

धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, तेव्हा काय करत होता, हे वहीत लिहून ठेवा. पट्टी चांगली निघाली तरी ती वही डॉक्टरपुढे ठेवा अन् विचारा, "साहेब, 24 तासांची नोंद घ्यायची का?" पिकाची जागल आपण करतोच. घरच्या माणसांचीही करू.