कागदाचा घट, मुलांचा उत्सव

(प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या हस्तकला शिबिरात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)

हस्तकलेच्या या शिबिरात आज मी आपणासमोर जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. जुनी वर्तमानपत्रे, मूठभर मैदा, एक फुगा आणि थोडी सुतळी एवढ्या सामग्रीतून एक पोकळ घट तयार करावयाचा, त्यात खाऊ भरावयाचा, तो उंच टांगावयाचा आणि डोळे बांधलेल्या मुलांनी काठीने तो फोडावयाचा. मेक्सिको देशात या घटास ‘पिन्याता’ म्हणतात. तेथे मुलांचा वाढदिवस त्यावाचून क्वचितच पार पडतो.

परदेशातील हा खेळ आपल्या शाळांना कशासाठी हवा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मी माझ्या अनुभवावरूनच देईन. परंतु आधी या खेळाची थोडी ओळख करून घेऊ.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस ‘पोसादा’ नावाचा उत्सव चालतो. पोसादा म्हणजे उताऱ्याची जागा. येशूच्या जन्मापूर्वी मरिया व योसेफ आसऱ्यासाठी दारोदार फिरले, त्याची आठवण म्हणून लोक गाणी म्हणत घरोघर जातात आणि शेवटी अंगणात पिन्याता फोडतात. मेक्सिको शहराच्या ईशान्येस आकोलमान नावाचे गाव आहे. तेथील सोळाव्या शतकातील ख्रिस्ती मठात ही प्रथा रुजली, असे परंपरा सांगते. डिसेंबरात त्या गावी आजही पिन्यातांची जत्रा भरते.

पिन्यातेचे जुने रूप म्हणजे मातीचे मडके. त्यावर रंगीत कागद चिकटवीत आणि कागदाचे सात शंकू बसवून त्यास ताऱ्याचा आकार देत. धर्मोपदेशकांनी त्याचा अर्थ असा लावला, की सात टोके म्हणजे सात पापे, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे श्रद्धा, काठी म्हणजे सद्गुण आणि वरून पडणारा खाऊ म्हणजे ईश्वरी कृपा. पुढे मडक्याच्या खापऱ्या मुलांना लागतात म्हणून मातीची जागा बहुतेक ठिकाणी कागदाने घेतली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या डोक्यावर पडणारी वस्तू कशाची असावी, याचा विचार त्या समाजाने केला आणि जुन्या चालीस बाध न आणता साहित्य तेवढे बदलले.

पोसादाच्या पिन्यातेत भुईमुगाच्या शेंगा, पेरू, संत्री व उसाची कांडकी भरतात. यांपैकी भुईमूग आणि पेरू मूळचे अमेरिका खंडातील. तेथून ते आपल्या शेतांत आले आणि आपलेच झाले. ऊस मात्र आपल्याकडून इराण, अरबस्तान असा पश्चिमेकडे सरकत गेला आणि कोलंबसाच्या १४९३ मधील दुसऱ्या सफरीत अमेरिकेस पोहोचला. पिकांनी जर एवढा प्रवास केला, तर खेळाने का करू नये? शिवाय शिंक्यातले मडके फोडून खाऊ मिळविण्याची कल्पना गोकुळाष्टमीच्या दहीहंडीमुळे आपल्या मुलांना उपजतच ठाऊक आहे, आणि डोळे बांधण्याचा सराव त्यांना आंधळ्या कोशिंबिरीने दिलेलाच असतो.

कागदाच्या लगद्याचेही तसेच. काश्मीरच्या नक्षीदार डब्या आपण पाहिल्या असतील. आपल्या जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून घडवितात. आणि रद्दी भिजवून, तीत मेथीची पूड कालवून घरच्या टोपल्या लिंपणाऱ्या आजीबाई आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिल्या असतील.

आता माझा अनुभव. मी ज्या शाळेत होतो तेथे वाढदिवसाच्या दिवशी मूल नवे कपडे घालून येई आणि वर्गात गोळ्या वाटे. हळूहळू गोळ्यांच्या जागी महागडी चॉकलेटे आली, मग पेन्सिली आल्या, आणि ज्यांना हे परवडत नसे त्यांची मुले आपल्या वाढदिवशी गैरहजर राहू लागली. ही गोष्ट माझ्या ध्यानात यावयास दोन वर्षे लागली, हे मी खेदाने कबूल करतो. हजेरीपट माझ्याच हातात होता. पण तो मी नीट वाचीत नव्हतो.

याहून वेगळा प्रश्न होता तो ‘१ जून’च्या मुलांचा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, हे आपणास सांगावयास नको. माझ्या वर्गात अशी सहा मुले होती. त्यांतील चार ऊसतोडणी कामगारांची. १ जूनला शाळा बंद असते. म्हणजे या मुलांचा वाढदिवस कागदावर असून शाळेत कधी उगवतच नसे. त्यांतल्या एकाने मला एकदा सहज विचारले, “गुरुजी, माझा वाढदिवस तुम्ही लिवला ना? मग सुट्टीत का लिवला?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे नाव मीच घातले होते.

त्या वर्षी आम्ही ठरविले, की यापुढे वर्गात कोणी एकट्याने काही वाटावयाचे नाही. महिन्यातून एकदा सर्वांचा मिळून एक वाढदिवस, आणि त्याचा खाऊ एकाच कागदी घटात. पहिला मान १ जूनच्या सहा जणांचा. तोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात म्हणून सप्टेंबर महिना निवडला. तारीख त्या सहा जणांनीच ठरविली.

घट कसा करावा ते आता क्रमाने सांगतो. आमच्या चुकाही सांगतो, म्हणजे आपल्याला त्या कराव्या लागणार नाहीत.

प्रथम खळ. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. चार वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात तो ढवळीत ओतावा. मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवावे आणि चिमूटभर मीठ घालावे. पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. आपण तो मुळीच घालू नये. तो विषारी आहे, आणि हे काम मुलांच्या हातांचे व खाऊच्या संगतीचे आहे. खळ एक-दोन दिवसांत संपेल एवढीच करावी.

दुसरे, कागद. वर्तमानपत्राच्या सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडाव्यात, कात्रीने कापू नयेत. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात व ते एकमेकांत मिसळून सांधा सपाट बसतो. शिवाय फाडण्याचे काम अंगणवाडीतील मूलही करू शकते आणि ते त्यास अतिशय आवडते.

तिसरे, साचा. फुगा सुमारे तीस सेंटिमीटर उंचीचा फुगवून एखाद्या पातेल्यावर बसवावा. पहिला थर कोऱ्या कागदाचा द्यावा, कारण खाऊ आतून त्यालाच लागणार असतो आणि छपाईची शाई खाद्यपदार्थास लागू देणे योग्य नाही. त्यावर मराठी वर्तमानपत्राचा एक थर, त्यावर इंग्रजी वर्तमानपत्राचा एक थर, असे आलटून पालटून द्यावे. अक्षरे बदलली की कोठे थर पुरा झाला व कोठे राहिला हे मुलांना आपोआप कळते. फुग्याच्या गाठीभोवती तळहाताएवढी जागा मोकळी सोडावी. लहान मुलांसाठी एकूण तीन थर पुरेत, मोठ्यांसाठी चार ते पाच. त्याहून अधिक दिले तर घट फुटत नाही आणि मुले कंटाळतात.

चौथे, वाळवणे. येथेच आम्ही फसलो. पावसाळी हवेत पाचही थर आम्ही एका बैठकीत दिले. दोन दिवसांनी घट बाहेरून खडखडीत दिसला. आम्ही फुगा फोडला, आणि आत हिरवट बुरशी निघाली. बाहेरचा थर आधी वाळतो व आतल्या ओलाव्यास वाट राहत नाही. म्हणून दोन थरांपेक्षा अधिक एका वेळी देऊ नयेत व ते पुरते वाळल्यावाचून पुढचे देऊ नयेत. कडक उन्हातही ठेवू नये. फुग्यातील हवा तापून प्रसरण पावते व फुगा फुटून ओला कागद मिटतो. सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर टांगावा. बुरशी आलेला घट आम्ही टाकून दिला आणि नव्याने आरंभ केला.

पाचवे, शिंके. भोकातून दोरी ओवून टांगलेला घट पहिल्याच फटक्याला दोरीपासून निसटतो. यासाठी शेवटच्या दोन थरांच्या मध्ये सुतळी तळाखालून चारही बाजूंनी घेऊन वर गाठ मारावी. भार सर्व बाजूंना सारखा वाटला जातो. वरून पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या खालून वर चिकटवीत न्याव्यात, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची चिकट कड झाकते.

खाऊ वेगवेगळा पुडीत बांधलेला असावा. चिक्की, शेंगा, बोरे, खजूर चालतील. परंतु पाच वर्षांखालील मुले असतील तर शेंगदाणे व कडक गोळ्या सर्वथा वर्ज्य समजाव्यात. त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू उत्तम.

आता फोडण्याचे नियम. घटाखाली फक्कीने तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. काठी हलकी, हातभर लांबीची असावी. दोरी फांदीवरून घेऊन तिचे टोक शिक्षकाने धरावे, म्हणजे मुलाच्या उंचीप्रमाणे घट वर-खाली करता येतो. सर्वांत लहान मूल प्रथम, सर्वांत दांडगे शेवटी. प्रत्येकास तीन फटके. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की काठी जमिनीवर ठेवून शिक्षकाने हाक देईपर्यंत कोणीही वर्तुळात पाऊल टाकावयाचे नाही. खाऊ पडताच मुले धावतात आणि डोळे बांधलेल्या मुलाची काठी अजून फिरतच असते. दुखापत होते ती याच क्षणी.

एका बाबतीत मात्र आम्ही मेक्सिकोची रीत सोडली. तेथे ज्याच्या हाती जे पडेल ते त्याचे. आम्ही सर्व खाऊ एका पाटीत गोळा करून समान वाटला, कारण गोपाळकाल्याची आपली रीत तीच आहे. चपळ मुलाची ओंजळ भरावी आणि बुजऱ्याने रिकाम्या हाताने परतावे, यासाठी का आपण एवढा खटाटोप केला होता?

त्या दिवशी सहा जणांपैकी पाचांचे फटके झाले. घट हलला, झिरमिळ्या उडाल्या, पण फुटला नाही. सहावा तोच प्रश्न विचारणारा मुलगा. डोळे बांधून घेण्यापूर्वी तो मला म्हणाला, “गुरुजी, फुटला की वाढदिवस संपंल ना?” मी म्हटले, “पुढच्या महिन्यात नवा करू.” तो म्हणाला, “पुढल्या महिन्यात आमी नसू.” मग त्याने पट्टी बांधून घेतली आणि दुसऱ्या फटक्यात घट फोडला. खाऊच्या वाटणीनंतर फुटक्या घटाचा मोठा तुकडा, सुतळीसकट, त्याने दप्तरात घातला. टोळीबरोबर गाव सोडताना तो तुकडा त्याच्याजवळ होता, असे त्याच्या धाकट्या बहिणीने मला नंतर सांगितले.

भगिनींनो आणि बंधूंनो, रद्दीच्या एका घटाने ऊसतोडणीवर जाणाऱ्या मुलाचे शिक्षण सुटत नाही, असे नाही. ते प्रश्न मोठे आहेत आणि त्यांची उत्तरेही मोठीच असावी लागतील. परंतु वर्गात कोणाचा आनंद साजरा होतो आणि कोणाचा होत नाही, हे आपल्या हातात आहे. त्याला अनुदान लागत नाही. रद्दी, मैदा, सुतळी आणि चार दिवसांची सावली एवढे लागते. आणि आरंभी एकदा हजेरीपट नीट वाचावा लागतो.

आता आपण सर्वांनी बाह्या सरसावून कामास लागू. खळ तयार आहे.