केरळ १९५७ : पासष्ट जागांचे सरकार
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



विधानसभेत बहुमत मिळाले म्हणजे राज्ययंत्रणा हाती आली, हा समज चळवळीत अधूनमधून डोके वर काढीत असतो. निवडणूक जिंकली की तो बळावतो आणि हरली की त्याची जागा हताशपणा घेतो. हा समज तपासून पाहावयाचा तर १९५७ च्या केरळइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रावणकोर-कोचीन आणि मलबार मिळून केरळ राज्य झाले. ऐक्य केरळच्या मागणीसाठी कम्युनिस्ट पक्ष वर्षानुवर्षे झगडला होता. मलबारातील कुळांच्या किसान सभा, आलेप्पीचे काथ्या कामगार, १९४६ चा पुन्नप्रा-वायलारचा लढा हे त्याचे भांडवल. नव्या राज्याच्या पहिल्याच निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा पक्षाने जिंकल्या व पक्षाच्या पाठिंब्याने ५ अपक्ष निवडून आले. काँग्रेसला ४३, प्रजासमाजवाद्यांना ९, मुस्लिम लीगला ८ जागा मिळाल्या. पक्षाची मते मात्र शेकडा ३५ च्या आसपासच होती. विरोधकांतील फुटीचा या विजयातील वाटा नाकारण्यात अर्थ नाही. त्याच निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तरी द्वैभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली. मतांचे आणि सत्तेचे गणित सर्वत्र सारखे चालत नाही, ते असे.

५ एप्रिल १९५७ रोजी कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या नेतृत्वाखाली ११ जणांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. सहाव्या दिवशी, ११ एप्रिलला, कुळांना जमिनीवरून हुसकून लावण्यास बंदी करणारा वटहुकूम निघाला. मालक-मजूर तंट्यात पोलीस मालकांच्या दिमतीला धावणार नाहीत, असे धोरण जाहीर झाले. पण बहुमत इतके निसटते की एकेका जागेला सरकारच्या आयुष्याचे मोल आले. देवीकुलममधील कॉ. रोझम्मा पुन्नूस यांची निवड प्रतिस्पर्ध्याचा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याच्या कारणावरून रद्द ठरली. १९५८ मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली आणि साऱ्या देशाचे डोळे त्या डोंगराळ मतदारसंघाकडे लागले. चहामळ्यांतील मजुरांनी, त्यांत तमिळभाषक पुष्कळ, रोझम्मांना पुन्हा विधानसभेत पाठविले.

सभागृहातील बहुमत टिकले. कायद्यांचे काय झाले? खाजगी शाळांतील शिक्षकांचा पगार व नोकरी व्यवस्थापकांच्या मर्जीवर राहू नये, यासाठी आणलेले शिक्षण विधेयक १९५७ मध्येच विधानसभेने संमत केले. ते राष्ट्रपतींकडे गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी गेले, आणि दुरुस्त होऊन १९५९ मध्ये मंजूर होऊन आले. शेतजमीनविषयक विधेयक तर विधानसभेने संमत केले तेव्हा सरकारचे दिवस भरत आले होते, आणि राष्ट्रपतींची संमती मिळण्यापूर्वीच ते सरकार गेले. पासष्ट हात वर झाले तरी कायद्यावरचा अखेरचा शिक्का दिल्लीचा होता. नोकरशाही जुनी, पोलीसदल जुने, तिजोरीच्या चाव्या केंद्राकडे.

पोलिसांचा प्रश्न येथे झाकून ठेवता येत नाही. जुलै १९५८ मध्ये क्विलोनजवळ चंदनत्तोप येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन कामगार ठार झाले. कामगारांच्या सरकारच्या राज्यात कामगार पडले! संघटना प्रतिस्पर्धी पक्षाची होती, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. बंदुका तेथे पूर्वीच्याच राजवटीत घडलेल्या पोलिसांच्या हाती होत्या. पण जाब मंत्रिमंडळालाच द्यावा लागला, आणि तसाच द्यावा लागणार होता. जून १९५९ मध्ये कॅथलिक धर्मपीठ, मन्नत पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी, काँग्रेस, प्रजासमाजवादी व लीग यांनी मिळून ‘विमोचन समर’ पुकारला. १३ जूनला अंकमाली येथे पुन्हा गोळीबार होऊन सातजण मृत्युमुखी पडले, तेव्हा विरोधकांच्या हाती आयतेच हत्यार सापडले.

३१ जुलै १९५९ रोजी राष्ट्रपतींनी घटनेच्या ३५६ व्या कलमाखाली सरकार बडतर्फ केले. विधानसभेतील बहुमत त्याने एक दिवसही गमावले नव्हते. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहात लागावी, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात सांगितले ते १९९४ मध्ये.

फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीचा निकाल बारकाईने वाचावयास हवा. पक्षाची मते शेकडा ३५ वरून ३९ च्या आसपास चढली, जागा मात्र ६० वरून २९ वर आल्या. काँग्रेस, प्रजासमाजवादी व लीग या वेळी एकजुटीने लढले. ६३ जागा जिंकूनही काँग्रेसने मुख्यमंत्रिपद प्रजासमाजवादी पक्षाच्या पट्टम ताणु पिल्लै यांना दिले. कम्युनिस्टांना दूर ठेवण्यासाठी एवढी किंमत तिला परवडणारी होती. सरकार पडले म्हणून जनाधार आटला, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत.

जमिनीचा प्रश्नही बडतर्फीने मिटला नाही. पक्षात १९६४ मध्ये फूट पडली. १९६७ मध्ये सात पक्षांच्या आघाडीसह ई. एम. एस. पुन्हा मुख्यमंत्री झाले, त्या कारकीर्दीत १९६९ चा दुरुस्ती कायदा संमत झाला, आणि त्याची अंमलबजावणी कॉ. अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात सुरू झाली. १ जानेवारी १९७० पासून केरळात जमीनदारी कुळवहिवाट कायद्याने संपली, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या शेतमजुरास पंचायत हद्दीत घराभोवतीच्या १० सेंट जमिनीवर हक्क मिळाला.