घुबड आणि त्याच्या माथी मारलेले अर्थ



युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, घुबडावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. परंतु घुबडाशी माझी गाठ कामातच पडली.

घुबड घरावर बसले की कोणीतरी जाणार, असे आपल्याकडे म्हणतात. बंगाली घरात हेच पाखरू लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजेला बसते. पिंगळा घुबडाच्याच कुळातला. पण त्याचे नाव लावणारा जोशी पहाटे दारात आला, की आपण त्याच्या झोळीत दाणे घालतो! प्राचीन ग्रीसमध्ये घुबड हे अथीना देवीचे, म्हणजे बुद्धीचे. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस देवी आणि दुसऱ्या बाजूस घुबड असे. लोक त्या नाण्यांनाच 'घुबडे' म्हणत. ती चांदी येई लॉरियनच्या खाणीतून, आणि ती खणत गुलाम. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्याने जवळच ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्सच्या मुलखातून पळाले, असे थ्युसिडिडीज लिहितो. पुढे त्या बुद्धिमान नगरीला तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन नाणी पाडावी लागली.

आता आपल्याकडची गोष्ट. एका कारखान्यात, नाव घेत नाही, रातपाळीला एका कामगाराची दोन बोटे प्रेसमध्ये गेली. मी चौकशीला गेलो, तर खात्यात एकच बोलणे: छपराच्या कैचीत घुबड येऊन बसते, तेव्हापासून दिवस फिरले. सुपरवायझरही मान डोलवीत होता. का डोलवू नये? माल जास्त निघावा म्हणून प्रेसचे गार्ड काढून ठेवले होते. धोक्याच्या यंत्राला आडोसा घालावा, असे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचे २१ वे कलम तेव्हा सांगत असे. ते घुबडाला लागू नव्हते. मालकाने ही अफवा उठवली नव्हती, हे मला जास्त लागले. आमच्याच माणसांनी ती त्याला फुकट दिली होती.

गार्ड बसेपर्यंत तीन आठवडे भांडलो. मध्यंतरी पोरे दगड घेऊन छपराखाली जमली. म्हाताऱ्या वॉचमनने त्यांना अडवले. "अरे, ते दगड उचलून नदीत झिजवत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो!" पोरांनी दगड टाकले. हीसुद्धा अंधश्रद्धाच, पण मी वॉचमनशी वाद घातला नाही.

सकाळी खाली करड्या केसांच्या सुक्या गुठळ्या पडलेल्या दिसल्या. फोडल्या तर आत उंदरांच्या कवट्या. ते गव्हाणी घुबड होते. ते भक्ष्य बहुधा अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे-केस ओकून टाकते. त्याचा एक कान वर, एक किंचित खाली. त्यामुळे मिट्ट काळोखातही नुसत्या खसफशीवरून ते उंदीर टिपते. पंखाच्या कडेला फणीसारखे दाते असतात, म्हणून उडताना आवाज नाही. रातपाळीचा असा कामगार शोधून मिळायचा नाही.

अशा पाखराचे दिवाळीत काय होते? लक्ष्मी यावी म्हणून तिचे वाहनच कापतात! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड पकडणे, विकणे गुन्हा आहे. तरीही हा व्यापार कसा चालतो, ते 'ट्रॅफिक इंडिया'च्या २०१० च्या अहवालात आले आहे. पाखरे पकडून पोट भरणारा गरीब माणूस पिंजऱ्यासकट सापडतो. पूजा मांडणाऱ्या धनिकाचे नाव मात्र मला अजून कोणत्या बातमीत वाचायला मिळालेले नाही.